आवाज बारीक करून दाखवलेलं काम ‘गोंगाट’ कसं ठरतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एक पत्र होतं, रोजचे आवाज रेकॉर्ड करून त्यातून संगीत आणि व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल. पत्रलेखकांनी एका प्रदर्शनात असं काम बघितलं, दोनेक मिनिटं थांबले, आणि त्यांचं मत झालं की दार, नळ, पंखा, रस्ता यांचा गोंगाट एकमेकांना चिकटवायचा आणि त्याला कला म्हणायचं अशी आता फॅशन आलीये. मी हे काम गेली नऊ वर्षं करते, त्यामुळे पत्र वाचून आधी रागच आला, मग दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं, आणि आता शांतपणे लिहितीये. त्यांना तिथे जे ऐकू आलं ते गोंगाटासारखंच असणार याबद्दल मला अजिबात शंका नाही. माझं म्हणणं एवढंच की ते काम त्यांना धड ऐकायलाच मिळालं नाही, आणि यात त्यांची काही चूक नाही, चूक आम्हा लोकांची आहे, हे काम करणाऱ्यांची, मांडणाऱ्यांची आणि त्यावर लिहिणाऱ्यांचीसुद्धा.

कसं ते माझ्याच कामावरून सांगते. एका जुन्या दाराच्या बिजागरीचा आवाज मी रेकॉर्ड केला होता. रात्री दोन वाजता, घरातला पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत उशीखाली ठेवलेलं. बिजागरीला काँटॅक्ट माइक लावला, म्हणजे हवेतून येणारा आवाज न घेता ज्या वस्तूला चिकटवलाय तिची थरथर पकडणारा नाण्याएवढा माइक असतो तो. दार अगदी हळू लोटलं. सहा सेकंदांची करकर मिळाली. ती चौपट हळू केली की चोवीस सेकंदांची होते आणि दोन सप्तकं खाली उतरते, आणि मग कळतं की ती करकर म्हणजे एक सलग आवाज नाहीच, ती बारीक बारीक झटक्यांची माळ आहे. दार लोटताना बिजागरीतले दोन लोखंडी भाग क्षणभर एकमेकांना धरून ठेवतात, जोर वाढला की सुटतात, परत धरतात, परत सुटतात. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, गजाला राळ लावतात ती तारेला नीट धरता यावं म्हणूनच! दार आणि व्हायोलिन एकाच तऱ्हेनं वाजतात हे मला त्या रात्री पहिल्यांदा कानांनी कळलं, पुस्तकात आधी वाचलं असूनही. दार लोटायचा वेग थोडा बदलला की झटके जवळ येतात, सूर चढतो, वेग कमी केला की सूर फाटून नुसते ठोके राहतात. फ्रान्सचे संगीतकार पिएर आँरी यांनी १९६३ मध्ये एक दार आणि एक सुस्कारा एवढ्यावर जवळपास पाऊण तासाची रचना केली ती उगाच नाही, दारात तेवढं सामान आहे.

तर या बिजागरीचा मी बारा मिनिटांचा व्हिडिओ केला, पडद्यावर नुसती बिजागरी, गंजाची पावडर खाली पडतीये, आणि आवाज. एका सामूहिक प्रदर्शनात तो लागला. कुठे, तर दोन दालनांच्या मधल्या पॅसेजमध्ये, पातळ टीव्हीवर, त्या टीव्हीच्याच स्पीकरमधून, आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर आवाज इतका बारीक केलेला की पडद्याला कान लावावा लागेल. तिथे दिवसभर ड्यूटीवर बसणाऱ्या माणसाला तेच बारा मिनिटं परत परत ऐकून त्रास व्हायचा, म्हणून. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, आठ तास कुणालाही एकच गोष्ट ऐकायला लावणं हा छळच आहे, पण त्याचा विचार मांडणी करतानाच व्हायला हवा होता ना. मी तासभर बाजूला उभी राहिले. लोक यायचे, बिजागरी बघायचे, दहा सेकंद, पंधरा सेकंद, एका मुलीनं आईला विचारलं, ‘याचा आवाज बंदे का?’ आणि दोघी पुढे गेल्या. शेजारच्या दालनातल्या दुसऱ्या व्हिडिओतलं बोलणं मात्र माझ्या बिजागरीवर स्पष्ट ऐकू येत होतं.

आता पातळ टीव्हीचा स्पीकर म्हणजे काय ते जरा सांगायला हवं, कारण इथेच सगळं अडतं. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून, २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. जिथे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते तिथे ट्रान्सफॉर्मरची ती कायम चालू असलेली गुणगुण १०० हर्ट्झवर असते. ती रेकॉर्ड करून चांगल्या स्पीकरवर लावली तर आधी छातीला कळते मग कानाला. तीच फोनवर किंवा पातळ टीव्हीवर लावा, खालचा सूर जवळपास गायबच होतो, वरवरची किरकिर तेवढी राहते. म्हणजे ज्या आवाजाचं पोट काढून घेतलंय तो आवाज आपण लोकांना ऐकवतो आणि मग लोक म्हणतात कानाला टोचतंय. टोचणारच. तंबोऱ्याच्या खर्जाची तार काढून घेऊन मैफल बसवली तर कोण थांबेल?

हे सगळं सुरू झालं तेच मुळी स्पीकरसाठी, म्हणजे रेडिओसाठी, हे लक्षात घेतलं तर गोष्ट सोपी होते. पिएर शेफर हे फ्रेंच रेडिओतले इंजिनियर. १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात जाऊन त्यांनी रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातून जेमतेम तीन मिनिटांची रचना केली, ती त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला रेडिओवर लागली. तेव्हा त्यांच्या हातात टेपसुद्धा नव्हती, सगळं काम तबकड्यांवर. तबकडीवरची खाच गोल फिरून स्वतःलाच मिळाली की सुई तिथेच अडकते आणि तोच तुकडा परत परत वाजतो, आपण याला रेकॉर्ड अडकली म्हणायचो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या स्पीडला तो तुकडा पाऊण सेकंदाचा होतो. शेफरनी हा बिघाडच हत्यार म्हणून वापरला. पाऊण सेकंदाचा आवाज पन्नास वेळा ऐकला की तो इंजिनाचा आहे हे आपण विसरतो आणि त्याचा ताल, त्याची खरखर, त्याचा चढउतार एवढंच उरतं. दुसरा त्यांचा प्रयोग मला त्याहून आवडतो. घंटेचा टोल घेतला आणि त्यातला ठोक्याचा क्षण काढून टाकला, फक्त मागची घुमणारी लांबण ठेवली. ऐकणाऱ्याला घंटा ओळखूच येत नाही, कुणीतरी फुंकवाद्य वाजवतंय असं वाटतं. म्हणजे आपण घंटा कशावरून ओळखत होतो, तर त्या पहिल्या इवल्याशा क्षणावरून. हा प्रयोग आज कुणीही फोनवर पाच मिनिटांत करून बघू शकतो, आणि करावाच.

(इजिप्तचे हलीम अल-दब यांनी याच्या चार वर्षं आधी, १९४४ मध्ये, कैरोत वायर रेकॉर्डरवर, म्हणजे बारीक तारेवर आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, झार नावाच्या अंगातली भुतं उतरवायच्या विधीतला बायकांचा आवाज टिपून, त्यात प्रतिध्वनी मिसळून रचना केली होती, म्हणजे ही सगळी पॅरिसचीच कल्पना असंही नाही. आणि बर्लिनचे वाल्टर रुटमान यांनी तर १९३० मध्येच सिनेमाच्या फिल्मवर फक्त आवाज टिपून अकरा मिनिटांचा एक सिनेमा केला ज्यात चित्रच नाही, शनिवार दुपारी काम सुटल्यापासून सोमवारी परत सुरू होईपर्यंतचे आवाज. यांची नावं क्वचितच घेतली जातात म्हणून इथे सांगितलं.)

पत्रलेखकांनी विचारलंय की आवाज कशाचा आहे ते कळत नसेल तर ऐकायचं काय? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर आपल्या भाषेतच पडलंय. खणखण हा शब्द घ्या. नाणं खणखणतं, भांडं खणखणतं, एखाद्याचा आवाज खणखणीत असतो, उत्तरही खणखणीत असतं. यात वस्तू कुठली ते कुठे सांगितलंय? आवाजाचा पोत सांगितलाय फक्त. सळसळ पानांची, साडीची, सापाची. घरघर जात्याची, मांजराची, घशाची. किनरा, घोगरा, भसाडा, कातर, भरदार, एवढे शब्द आपण रोज वापरतो ते आवाज ऐकूनच ना, वस्तू न बघता. शेफरनी पुढे कितीतरी वर्षं हाच उद्योग केला, आवाजाला त्याच्या वस्तूपासून सोडवून त्याच्या अंगच्या गुणांनी ओळखायचं, त्याचं दाणेदार असणं, त्याचं सुरू होणं आणि विरणं, आणि त्यावर १९६६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मराठी बोलणाऱ्याला यातली मूळ गोष्ट समजायला दोन मिनिटंसुद्धा लागू नयेत.

आणि खरंच लागत नाहीत, हे मी बघितलंय. प्रदर्शनातल्या त्या प्रकारानंतर मी ठरवलं की एकदा तरी हे काम नीट ऐकवायचं. ओळखीतल्या एकांची रिकामी खोली, खिडक्यांना जाड चादरी, जमिनीवर सतरंज्या, दोन मोठे स्पीकर कुणाकडून तरी मागून आणलेले, दिवे बंद. अकरा जण होते, त्यातले बहुतेक कधी असं काही ऐकायला गेलेले नव्हते. पहिली रचना वॉशिंग मशीनची होती, कपडे पिळून झाल्यावर ड्रम थांबेपर्यंतचे शेवटचे चाळीस सेकंद, लांबवून नऊ मिनिटं केलेले. संपल्यावर अंधारातच एक काका बोलले, त्यांचं सगळं आयुष्य गाड्या दुरुस्त करण्यात गेलंय. म्हणाले, ‘ताई, या मशिनचं बेअरिंग जायला आलंय बघा, दोनतीन महिने काढेल.’ सगळे हसले, पण मी नाही हसले, कारण ते बरोबर होतं, मशीन तेव्हा खरंच आवाज करायला लागलेलं होतं आणि म्हणूनच तर मी ते रेकॉर्ड केलेलं. त्या काकांइतकं बारीक ऐकणारा माणूस तिथे दुसरा कुणी नव्हता. मी त्यांना म्हटलं काका, परत लावते, आता बेअरिंग कळलंय तर ते सोडून ऐका. परत नऊ मिनिटं. यावेळी बराच वेळ कुणीच बोललं नाही, मग काका म्हणाले, ‘आत तीन सूर चाललेत. दोन एकाच जागी आहेत आणि एक उतरत उतरत त्यांच्याकडे येतोय. शेवटी भेटला वाटलं तेवढ्यात थांबला.’

ती रचना मी चार महिने केली होती आणि त्यात नेमकं तेच होतं. मोटारचा वेग कमी होताना सूर खाली येतो तो एक, आणि खोलीतल्या पत्र्याच्या बादलीचे आणि दाराचे स्वतःचे ठरलेले सूर असतात ते दोन, मशीनच्या थरथरीनं ते जागे होतात. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, माहितीचा बोर्ड नव्हता. अंधार, शांतता, धड स्पीकर आणि दुसऱ्यांदा ऐकायची संधी एवढंच होतं.

व्हिडिओबद्दल वेगळं थोडं बोलायला हवं कारण तिथे गोंधळ जास्त आहे. लोकांना वाटतं व्हिडिओ म्हणजे चित्र आणि आवाज त्याच्या मागे लावलेला. पण व्हिडिओ आर्टची मुळंच संगीतवाल्यांकडे जातात. कोरियात जन्मलेले कलाकार नाम जून पाइक संगीत शिकलेले, जर्मनीत वुपरटालला १९६३ मध्ये त्यांनी टीव्ही संच बिघडवून, त्यावरची चित्रं वाकवून जे पहिलं प्रदर्शन केलं त्याच्या नावातच संगीत हा शब्द होता. नंतर न्यूयॉर्कमध्ये स्टाइना आणि वुडी वासुल्का या जोडप्यानं बघितलं की आवाजही विजेचा सिग्नल आणि व्हिडिओही विजेचाच सिग्नल, मग एकाची वायर दुसऱ्यात का घालू नये, आणि स्टाइना मुळात व्हायोलिनवादक, तिनं व्हायोलिन वाजवून पडद्यावरचं स्वतःचंच चित्र वाकवलं. अशा कामाचा आवाज बारीक करणं म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवून त्याचे हातवारे बघण्यासारखं आहे.

शिवाय चित्र आणि आवाज एकाच क्षणी आले की मेंदू त्यांची गाठ मारूनच टाकतो, ते एकमेकांचे नसले तरी. पाय वाळक्या पानावर पडताना दाखवा आणि आवाज कागद चुरगळल्याचा लावा, बघणारा शपथेवर सांगेल की पानाचाच होता. पण ही गाठ फार नाजूक असते. सेकंदाला २५ चित्रं या हिशेबानं एक चित्र ४० मिलिसेकंदांचं होतं, आणि कानाला त्याहून कितीतरी बारीक, दोनचार मिलिसेकंदांची फटसुद्धा कळते. एडिटिंगला बसल्यावर डोळ्याला जुळलेलं वाटतं तेव्हा कान म्हणतो अजून नाही, आणि मग एकेका ठोक्यावर अख्खी संध्याकाळ जाते. शेजारच्या कामाचा आवाज त्यावर सांडला की ही सगळी मेहनत पाण्यात, कारण बघणाऱ्याचा मेंदू भलत्याच आवाजाशी गाठ मारून बसतो.

ज्यांना सुरुवात करायचीये त्यांनी कॅनडातल्या रचनाकार हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांची १९८९ ची, व्हँकुव्हरच्या समुद्रकिनाऱ्यावरची रचना ऐकावी असं मी सुचवेन. त्या स्वतः त्यात बोलतात, किनाऱ्यावर पाणी खडकावरच्या शिंपल्यांमधून बारीक टिकटिकतंय, मागे शहराची घरघर, आणि त्या सांगतात की आता मी शहराचा आवाज वाढवते, आता कमी करते, आणि तुमच्या कानासमोर ते होतं. मग घरघर गाळून टाकल्यावर ती टिकटिक इतकी जवळ येते की मान वळवून बघावंसं वाटतं. काम कसं केलं जातं हे काम चालू असतानाच ऐकणाऱ्याला सांगणारी इतकी प्रामाणिक रचना मी दुसरी ऐकलेली नाही. मोठे स्पीकर नसतील तर निदान कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर नको.

आणि हे नीट ऐकवायचं कसं याचा विचार जगात कुणी केलाच नाही असंही नाही. पॅरिसमध्येच १९७४ मध्ये फ्रान्स्वा बेल यांनी लहानमोठे सुमारे ८० स्पीकर मंचावर आणि हॉलभर मांडून त्यांचा वाद्यवृंद उभा केला, कुठला आवाज कुठल्या स्पीकरला शोभतो ते ठरवून, आणि रचनाकार हॉलच्या मधोमध आवाजाच्या मिक्सरसमोर बसून आवाज या स्पीकरवरून त्या स्पीकरवर फिरवतो. मंचावर माणूस एकही नाही. इतकं कुणी करावं असं मी म्हणत नाही, तेवढे पैसे कुणाकडे नसतात हे कळतं.

मागणं फार साधं आहे. जे प्रदर्शनं भरवतात त्यांनी आवाजाचं काम पॅसेजमध्ये टांगू नये. एक खोली, नसेल तर एक कोपरा, पण त्याला जाड पडदा, खाली काहीतरी कापडी, कारण फरशी आणि काच आवाज परत फेकतात आणि दोन मीटरवर सगळं घुसळून निघतं. बसायला बाक हवाच, उभा माणूस बारा मिनिटं थांबत नाही. रचना किती मिनिटांची आणि पुढची सुरुवात किती वाजता हे दारावर लिहा, सतत चालू ठेवलं की प्रत्येक जण मधेच घुसतो आणि मधूनच निघतो, गाण्याच्या बैठकीत आपण असं करू का. ठरलेल्या वेळांना लावलं तर तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे कानही सुटतील. आणि काम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी, जागा मिळतीये ना मग काय म्हणून गप्प बसणं सोडावं. मी त्या वेळी गप्प बसले, आवाज बारीक केलेला बघूनही कुणाला काही बोलले नाही, परत नाव घेणार नाहीत या भीतीनं, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

संपादकसाहेब, तुम्हाला विनंती अशी की तुमच्याकडून कुणी असं प्रदर्शन बघायला जाईल तेव्हा ते काम कुठे लागलं होतं, कशावर ऐकलं, किती वेळ ऐकलं हेही छापा. नाटकाच्या परीक्षणात मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नव्हते असं तुम्ही लिहिता, सिनेमाच्या परीक्षणात प्रिंट अंधारी होती असं लिहिता, मग इथेही लिहा. आवडलं नाही असं लिहा, खुशाल लिहा, मला त्याचं वाईट वाटणार नाही, फक्त पूर्ण ऐकून लिहा.

त्या पत्रलेखकांचा पत्ता माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल. त्यांना माझ्यातर्फे एवढं कळवाल का की पुढच्या महिन्यात आम्ही परत बसणार आहोत, तीच खोली, तेच दोन स्पीकर, बिजागरी पहिल्यांदाच मोठ्या आवाजात लागणार आहे. गाडीवाले काका येणार आहेत, त्यांनी स्वतः फोनवर रेकॉर्ड केलेला एका जुन्या डिझेल इंजिनाचा आवाज आणणार आहेत. एक खुर्ची पत्रलेखकांसाठी ठेवते. प्रत्येक गोष्ट दोनदा लावणार, मधे बोलायचं नाही, एवढीच अट.

आपली,
एक नियमित वाचक